गिटार शिकायला सुरुवात करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरं स्टीलच्या तारांच्या अकूस्टिक गिटारसाठी आहेत. मराठी-हिंदी गाण्यांना साथ करायची, जमल्यास स्वतः गात वाजवायचं, अशा इच्छेने गिटार घेणारे बहुतेक जण हेच वाद्य घेतात. त्यातले बरेच जण तीन महिन्यांत गिटार कपाटावर ठेवतात आणि दोष स्वतःच्या बोटांना देतात. खरं कारण बहुतेक वेळा वेगळं असतं: तारा फार उंच असतात, ट्यूनिंग बिघडलेलं असतं किंवा गाणं आपल्या पट्टीत नसतं. या तिन्हींवर इलाज आहे, म्हणून त्या उत्तरांना इथे जास्त जागा दिली आहे.

अकूस्टिक, क्लासिकल की इलेक्ट्रिक? पहिली कोणती घेऊ?

जे संगीत वाजवायचं आहे त्याची गिटार घ्या. गाण्याची साथ करायची असेल तर स्टीलच्या तारांची अकूस्टिक. बोटांनी स्पॅनिश पद्धतीचं वाजवायचं असेल तर नायलॉनच्या तारांची क्लासिकल. रॉककडे ओढा असेल तर थेट इलेक्ट्रिक घ्यायलाही हरकत नाही. ‘आधी अकूस्टिक, मग इलेक्ट्रिक’ असा काही नियम नाही. उलट इलेक्ट्रिकच्या तारा बारीक आणि खाली असल्याने डाव्या हाताला ती सोपी जाते. मात्र अँप्लिफायरचा वेगळा खर्च धरावा लागतो.

क्लासिकल गिटारचा नेक (लांब दांडा) रुंद असतो, नटपाशी, म्हणजे खुंट्यांकडच्या टोकाला, साधारण ५२ मिमी. अकूस्टिकचा ४३ मिमीच्या आसपास. लहान हाताला हा फरक चांगलाच जाणवतो. आणि एक गोष्ट कधीही करू नका: क्लासिकल गिटारला स्टीलच्या तारा लावू नका. नायलॉनच्या सहा तारांचा मिळून ताण ३५-४० किलोच्या घरात असतो, स्टीलच्या तारांचा ७० किलोच्या आसपास. क्लासिकलचा ब्रिज, म्हणजे खोक्यावरची तारा अडकवायची पट्टी, तेवढ्या ताणासाठी बनवलेलाच नसतो. काही आठवड्यांत तो उखडतो किंवा पुढची फळी फुगते.

किती पैसे घालवावेत?

साधारण ८ ते १२ हजार रुपयांत सरळ नेकची, सुरात राहणारी गिटार मिळते. यामाहाची एफ-३१० बऱ्याच क्लासमध्ये दिसते ती याच कारणाने. तीन-चार हजारांच्या गिटारमध्येही एखादी चांगली निघते, पण ती पारखावी लागते आणि दुकानातून आणल्यावर सेटअपचा, म्हणजे कारागिराकडून तारांची उंची वगैरे नीट करून घेण्याचा, खर्च येतो. पुढची फळी प्लायवूडची आहे म्हणून नाक मुरडू नका. किनारपट्टीच्या दमट हवेत प्लायवूड अखंड लाकडापेक्षा कमी हलतं. आवाज थोडा बसका असतो, पण शिकताना ते आड येत नाही.

सोबत लागतात फक्त क्लिपचा ट्यूनर, कॅपो (नेकवर बसून सगळ्या तारा दाबणारा चिमटा), तारा छेडायचे दोन-तीन पिक (०.६ ते ०.७ मिमी जाडीचे), पाठीवरची बॅग आणि तारांचा एक जादा संच. डिजिटल इफेक्ट आणि बोटांना व्यायाम देणारी स्प्रिंगची यंत्रं घेऊ नका.

दुकानात गिटार कशी तपासायची? मला तर वाजवता येत नाही.

वाजवता येत नसलं तरी पाच गोष्टी डोळ्यांनी आणि हातांनी कळतात. दुकानदाराला आधी गिटार ट्यून करून द्यायला सांगा, कारण सैल तारांवर यातलं काहीच खरं दिसत नाही.

पहिली गोष्ट ॲक्शन, म्हणजे तारांची फ्रेटपासूनची उंची. फ्रेट म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या, त्या खुंट्यांकडून मोजायच्या. खिशातली एटीएम कार्डं काढा. सपाट अक्षरांचं कार्ड जवळपास पाऊण मिमी जाड असतं. बाराव्या फ्रेटवर, सर्वांत जाड तारेखाली, तीन कार्डं एकावर एक सरकवा. तार न उचलता ती जेमतेम बसली तर उंची २.३ मिमीच्या आसपास आहे, म्हणजे उत्तम. चौथंही सहज आत गेलं तर ॲक्शन उंच आहे. पाच गेली तर ती गिटार सेटअप केल्याशिवाय घेऊच नका. त्या उंचीवर तार दाबताना अनुभवी माणसाचंही बोट दुखतं.

दुसरी गोष्ट नट, म्हणजे खुंट्यांच्या बाजूची खाचा असलेली पांढरी पट्टी. तार दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये दाबा आणि पहिल्या फ्रेटवर पाहा. तार आणि फ्रेट यांत केसाएवढी फट हवी. ठळक फट दिसली तर खाचा उथळ आहेत. नवशिक्याचे सगळे कॉर्ड (एकदम वाजवायचे स्वरांचे गट) पहिल्या तीन फ्रेटमध्ये असतात, त्यामुळे हा दोष सर्वांत जास्त छळतो, आणि दुकानात नेमका हाच कोणी पाहत नाही. कारागीर बारीक कानशीने अर्ध्या तासात तो काढून देतो.

तिसरी, नेक. जाड तार पहिल्या फ्रेटवर आणि नेक जिथे खोक्याला मिळतो तिथे, अशी दोन्हीकडे दाबून धरा. मध्ये, सातव्या फ्रेटपाशी, व्हिजिटिंग कार्डाएवढी फट असावी. अजिबात नसेल तर तारा खरखरतील, जास्त असेल तर नेक वाकलेला आहे. चौथी, ब्रिज. त्याच्या मागच्या कडेखाली साधा कागद सरकवून पाहा. कागद आत जात असेल तर ब्रिज सुटायला लागला आहे. जुनी गिटार घेताना ही तपासणी चुकवू नका. पाचवी, सूर. तार बाराव्या फ्रेटवर दाबून वाजवा आणि ट्यूनरवर पाहा. मोकळ्या तारेचाच स्वर एक सप्तक वर यायला हवा. काटा स्पष्टपणे पुढे किंवा मागे जात असेल तर कॉर्ड कधीच सुरात लागणार नाहीत, तुम्ही कितीही नीट दाबा.

मुलाला कोणत्या वयात आणि कोणत्या मापाची?

पाच ते आठ वर्षांच्या मुलाला अर्धी, आठ ते अकरा-बारा वर्षांपर्यंत पाऊण मापाची आणि त्यापुढे पूर्ण. वयापेक्षा हात पाहा: गिटार मांडीवर घेऊन पहिल्या फ्रेटपर्यंत हात नेला तर कोपर वाकलेलं राहायला हवं, सरळ ताठ होता कामा नये. लहानांना नायलॉनच्या तारा द्या. ‘मोठा होईलच’ म्हणून पूर्ण मापाची घेणं ही शाळेच्या गणवेशासारखी काटकसर इथे महागात पडते, कारण मुलगा खांदा वर उचलून वाजवायला शिकतो आणि ती सवय नंतर मोडत नाही.

मी डावखुरा आहे. उलटी गिटार घेऊ?

उजव्या हाताची गिटार एकदा घेऊन पाहा. दोन्ही हातांना नवीनच काम शिकायचं असतं, त्यामुळे अनेक डावखुरे लोक नेहमीच्या गिटारवर सहज शिकतात आणि मग कोणाचीही गिटार वाजवू शकतात. हात अजिबात ऐकत नसेल तर डावखुरी गिटारच विकत घ्या. साध्या गिटारच्या तारा उलट्या लावून काम भागत नाही: नटच्या खाचा तारांच्या जाडीप्रमाणे असतात आणि ब्रिजवरची हाडाची पट्टी तिरकी बसवलेली असते. ती उलटली की सूर बिघडतो.

ट्यूनिंग कसं करायचं? ट्यूनर लावूनही वेडंवाकडं का वाजतं?

मांडीवर गिटार घेतल्यावर जमिनीकडची पातळ तार पहिली, छताकडची जाड तार सहावी. सहाव्यापासून पहिलीपर्यंत स्वर असे: ई, ए, डी, जी, बी, ई. घरात पेटी असेल तर त्याच क्रमाने पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन, पांढरी पाच, पांढरी सात आणि वरची पांढरी तीन. सहाही तारा पांढऱ्या पट्ट्यांवरच येतात, हे लक्षात ठेवायला सोपं आहे. पाचवी तार मोकळी ११० हर्ट्झवर वाजते आणि ट्यूनरवर ए ४४० ही संदर्भसंख्या असावी. चुकून बटण दाबलं जाऊन ती ४३५ किंवा ४४५ झालेली असते, आणि मग एकटं वाजवताना बरं वाटतं पण पेटीबरोबर वाजवायला बसलं की विसंगती उघडी पडते.

तार नेहमी खालून वर आणून लावा. स्वर वर गेला असेल तर आधी चांगला उतरवा आणि मग चढवा. वरून उतरवत आणून थांबलात तर खुंटीच्या दात्यांत ढिलाई राहते आणि दोन मिनिटांत तार उतरते. एकदा सहाही लावून झाल्या की पुन्हा पहिल्यापासून पाहा, कारण एकीचा ताण वाढला की नेक किंचित वाकतो आणि बाकीच्या उतरतात. नव्या तारा दोन-तीन दिवस उतरतच राहतात. त्या बोटाने हलकेच ओढून पुन्हा लावाव्यात.

पहिली तार सारखी तुटते असं ज्यांचं म्हणणं असतं, ते बहुधा ती एक सप्तक वर लावत असतात. ट्यूनर फक्त ‘ई’ दाखवतो, कुठल्या सप्तकातला ते साधे ट्यूनर सांगत नाहीत. तार धोक्याची घट्ट वाटली की थांबा आणि दुसऱ्या तारेच्या पाचव्या फ्रेटशी ताडून पाहा, दोन्ही स्वर एकच हवेत.

तानपुऱ्यावर कान तयार झालेल्यांची एक खास तक्रार असते: ‘जी कॉर्डमधली दुसरी तार चढलेली वाटते.’ त्यांचा कान बरोबर आहे. गिटारचे फ्रेट सप्तकाचे बारा समान भाग करून बसवलेले असतात, त्यामुळे तिथला शुद्ध गंधार तानपुऱ्यातून आपोआप ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा असतो. सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग. दुसरी तार उतरवून जी कॉर्ड गोड करता येतो, पण मग ई आणि डी कॉर्ड बिघडतात. पेटीतही हीच तडजोड असते. ट्यूनरवर विश्वास ठेवा आणि कानाला आठवडाभर सवय होऊ द्या.

बोटं फार दुखतात. किती दिवस?

रोज वाजवलं तर तीन-चार आठवडे. टोकांची कातडी घट्ट होते आणि दुखणं थांबतं. त्या काळात एका बैठकीत दहा मिनिटंच वाजवा, दिवसातून दोन-तीनदा बसा. आंघोळ केल्यावर किंवा भांडी घासल्यावर लगेच वाजवू नका, मऊ पडलेली कातडी तारेने कापते. डाव्या हाताची नखं बोटाच्या मांसाच्या आत हवीत. नखं वाढवून कॉर्ड धरता येत नाही, यात काही मधला मार्ग नाही.

तारांचा संच ०.०१२ इंचाचा (म्हणजे पहिली तार तेवढी जाड) असेल तर ०.०१० चा लावून घ्या, फरक त्याच दिवशी कळतो. आणखी एक युक्ती फार कमी जण सांगतात: सहाही तारा एक पूर्ण स्वर उतरवा (डी, जी, सी, एफ, ए, डी) आणि दुसऱ्या फ्रेटवर कॅपो लावा. स्वर नेहमीचेच राहतात, पण ताण कमी होतो आणि नट उंच असल्याचा त्रासही जातो. पहिला महिना असाच काढला तरी चालेल.

टोकं दुखणं वेगळं आणि मनगट किंवा अंगठ्याचं मूळ दुखणं वेगळं. मनगट दुखत असेल तर कातडी तयार होण्याची वाट पाहू नका, बैठक बदला. अंगठा नेकच्या मागे साधारण मधल्या बोटासमोर ठेवा, मनगट जवळपास सरळ ठेवा आणि गिटारचा नेक किंचित वर उचला. डाव्या हाताने गिटार तोलायची नसते, ते काम उजव्या हाताच्या कोपराचं आणि मांडीचं.

तार नीट वाजत नाही, खरखरते किंवा मुकी होते. जोर कमी पडतोय का?

बहुतेक वेळा जोर नाही, जागा चुकते. बोट दोन फ्रेटच्या मध्यावर ठेवलं की दुप्पट जोर लागतो आणि तरीही तार खरखरते. बोट पुढच्या, म्हणजे ब्रिजकडच्या, फ्रेटला अगदी खेटून, पण त्याच्यावर न चढता ठेवा. कॉर्ड धरून एकेक तार वेगळी छेडा. जी मुकी वाटते तिच्यावर शेजारचं बोट आडवं पडलंय का पाहा. सी कॉर्डमध्ये पहिली तार मुकी राहते ती तर्जनी कलल्यामुळे. बोटाचं शेवटचं पेर उभं करा, म्हणजे सुटेल.

सगळं बरोबर असूनही एकाच फ्रेटवर खरखर होत असेल तर पुढचा फ्रेट उचललेला आहे. फक्त मोकळी तार खरखरत असेल तर नटची ती खाच खोल गेली आहे. सगळीकडेच अचानक सुरू झाली असेल तर हवामान बदलून नेक सरळ झाला आहे. हे तीनही कारागिराचं काम आहे. नेकमधला ट्रस रॉड (नेकचा बाक कमी-जास्त करणारी सळई) फिरवून घेताना एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा जास्त फिरवू देऊ नका.

कोणते कॉर्ड आधी, आणि बदलताना हात का अडकतो?

ई मायनर, ए मायनर, सी, जी, डी. या क्रमाने. हात अडकतो कारण प्रत्येक वेळी चारही बोटं उचलून हवेतून नवा आकार आणला जातो. कुठलं बोट उचलायची गरजच नाही ते आधी शोधा.

ए मायनर ते सी पाहा. ए मायनरमध्ये तर्जनी दुसऱ्या तारेवर पहिल्या फ्रेटला, मधलं बोट चौथ्या तारेवर दुसऱ्या फ्रेटला, अनामिका तिसऱ्या तारेवर दुसऱ्या फ्रेटला. सी करताना पहिली दोन बोटं जागची हलत नाहीत. फक्त अनामिका उचलून पाचव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला जाते. बस्स. तसंच जी ते डी. जी चार बोटांनी धरा: मधलं बोट सहाव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला, तर्जनी पाचव्या तारेवर दुसऱ्या फ्रेटला, अनामिका आणि करंगळी दुसऱ्या व पहिल्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला. डी मध्येही अनामिका तिथेच, दुसऱ्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटला असते. ती खांबासारखी रोवून ठेवा आणि बाकीची बोटं तिच्याभोवती फिरवा. तीन बोटांचा जी सुरुवातीला सोपा वाटतो, पण बदलताना हाच चार बोटांचा उपयोगी पडतो.

मग घड्याळ लावा. एका मिनिटात ए मायनर-सी असे किती बदल होतात ते मोजा आणि तारीख घालून लिहा. मिनिटाला ८० ठोक्यांच्या गाण्यात दर चार ठोक्यांनी कॉर्ड बदलत असेल तर मिनिटाला २० बदल लागतात. तुमचे ३० स्वच्छ बदल होत असतील तर ते गाणं आरामात वाजेल, १५ होत असतील तर अजून नाही. इतका सरळ हिशोब आहे.

स्ट्रमिंग (तारांवरून हात खाली-वर फिरवणं) ताल सोडतं. केरवा, दादरा गिटारवर कसे बसवायचे?

तबला कानात असेल तर तुम्ही निम्मं काम आधीच केलेलं आहे. उजवा हात लोलकासारखा अखंड हलला पाहिजे, तारांना लागो वा न लागो. केरव्याच्या आठ मात्रा धरा. विषम मात्रांना हात खाली जातो, सम मात्रांना वर. आता १, ३, ४, ६, ७, ८ या मात्रांना तारा वाजवा, २ आणि ५ ला हात हवेतूनच न्या. गंमत अशी की पाचवी मात्रा म्हणजे केरव्याची खाली, आणि तिथेच आपला हात रिकामा जातो. म्हणूनच हा पॅटर्न आपल्या गाण्यांना इतका चपखल बसतो. पहिल्या मात्रेला जाड तारांवर जोर द्या. भजनी ठेक्याच्या अभंगालाही इथूनच सुरुवात करा, फक्त वजन कुठे येतं ते मृदंग ऐकून ठरवा.

दादऱ्याला सहा मात्रा: पहिल्या मात्रेला एक जाड तार, दोन-तीनला पातळ तारा खाली, चौथ्याला दुसरी जाड तार, पाच-सहाला पुन्हा पातळ. रूपक असेल तर तीन-दोन-दोन असे गट करून प्रत्येक गटाची सुरुवात जाड तारेने करा.

कॉर्ड बदलताना उजवा हात थांबवू नका. डावा हात उशिरा पोहोचला तर एखादी मात्रा मोकळ्या तारा वाजू द्या. ऐकणाऱ्याला ते फारसं जाणवत नाही, हात थांबला की मात्र गाणं पडतं. शिकताना डाव्या हाताने तारा नुसत्या झाकून, फक्त ‘चक-चक’ आवाजात पाच मिनिटं ठेका धरा.

माझी पट्टी काळी एक आहे. नेटवर कॉर्ड सी, जी असे मिळतात. जुळवायचं कसं?

मराठी घरातला हा खरा प्रश्न, आणि याचं उत्तर कॅपो. आधी पेटीची नावं गिटारच्या नावांशी लावून घ्या. पांढरी एक म्हणजे सी, काळी एक सी शार्प, पांढरी दोन डी, काळी दोन डी शार्प, पांढरी तीन ई, पांढरी चार एफ, काळी तीन एफ शार्प, पांढरी पाच जी, काळी चार जी शार्प, पांढरी सहा ए, काळी पाच ए शार्प, पांढरी सात बी.

कॅपो एक फ्रेट वर सरकवला की सगळं एक पट्टी वर जातं. गाणं सीच्या कुटुंबात (सी, एफ, जी, ए मायनर) येत असेल तर पहिल्या फ्रेटवर कॅपो लावला की काळी एक, तिसऱ्यावर लावला की काळी दोन. जीच्या कुटुंबात (जी, सी, डी, ई मायनर) पहिल्या फ्रेटवर कॅपो म्हणजे काळी चार, तिसऱ्यावर काळी पाच. बायकांच्या आवाजाला बहुधा याच पट्ट्या लागतात, आणि या कुटुंबात एकही बार कॉर्ड (तर्जनी सगळ्या तारांवर आडवी दाबून धरायचा, जसा एफ) नाही, म्हणून नवशिक्याने जीच्या कुटुंबाशी आधी मैत्री करावी. डीचं कुटुंब (डी, जी, ए) पहिल्या फ्रेटवर काळी दोन देतं. काळी एक गाणाऱ्याला एफ टाळायचा असेल तर ए, डी, ई हे कॉर्ड धरून कॅपो चौथ्या फ्रेटवर लावावा.

कॅपो फ्रेटला खेटून आणि समांतर लावा. तिरका लागला तर जाड तार चढते. लावल्यावर ट्यूनिंग पुन्हा पाहा. घरची जुनी पेटी ४४० ला नसेल तर गिटार पेटीला जुळवा. पेटी काही गिटारला जुळणार नाही.

रागावर बांधलेल्या गाण्यांना कॉर्ड लावता येतात?

येतात, पण रागात नसलेला स्वर कॉर्डमधून आत शिरू नये याची काळजी घ्यायची. कॉर्ड म्हणजे तीन स्वर. सा सी धरला तर सी कॉर्ड म्हणजे सा-ग-प, एफ म्हणजे म-ध-सा, जी म्हणजे प-नि-रे, ए मायनर म्हणजे ध-सा-ग.

आता यमनाचं गाणं घ्या. मध्यम तीव्र आहे, म्हणून एफ कॉर्ड वर्ज्य. त्यात शुद्ध मध्यम आहे आणि तो वाजला की यमन तिथल्या तिथे मोडतो. त्याच्या जागी डी मेजर (म्हणजे नुसता डी) घ्या, तो आहे रे-तीव्र म-ध. सी, डी, जी, ई मायनर, ए मायनर, सगळे सोपे कॉर्ड, आणि कॅपो पहिल्या फ्रेटवर लावला की काळी एकमध्ये यमन तयार. भूप असेल तर सी आणि ए मायनर यांवरच राहा. जी कॉर्डमध्ये निषाद येतो.

काफी आणि भीमपलासच्या गाण्यांना सा ए वर धरा: ए मायनर, डी मेजर, ई मायनर, जी, सी. चौथ्या फ्रेटवर कॅपो लावला की काळी एक. भैरवीला सा ई वर धरा. ई पासून सगळे पांढरे स्वर म्हणजेच भैरवी, त्यामुळे ई मायनर, ए मायनर, सी, जी, डी मायनर आणि कोमल रिषभाचा एफ एवढ्यांत काम होतं. कॅपो चौथ्या फ्रेटवर गेला की काळी चार.

कॉर्ड थोडे वापरा. ओळीत चार कॉर्ड बसतात म्हणून चारही घालायचे नाहीत. आलापीच्या जागी नुसता सा-प वाजत राहिला तर गाणं जास्त खुलतं.

मग गिटारवर शास्त्रीय वाजवता येतं का?

साध्या गिटारवर तार आडवी ओढून छोटी मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरणं) निघते, लांब नाही. म्हणून हिंदुस्थानी संगीतात गिटार आडवी ठेवून तारांवर धातूची कांडी सरकवण्याची पद्धत रुजली. ब्रिजभूषण काबरा यांनी तिला मैफलीत मान मिळवून दिला. विश्वमोहन भट्ट यांनी तरफेच्या, म्हणजे मुख्य तारांबरोबर आपोआप झंकारणाऱ्या, तारा जोडून मोहनवीणा घडवली आणि १९९४ मध्ये त्यांना ग्रॅमी मिळालं. ते वेगळं वाद्य समजून वेगळ्या गुरूकडेच शिकावं.

एफ कॉर्ड लागतच नाही.

कोणालाच लगेच लागत नाही. तीन ते सहा महिने द्या. दरम्यान चार तारांचा छोटा एफ वापरा: तर्जनीने पहिली व दुसरी तार पहिल्या फ्रेटला, मधलं बोट तिसऱ्या तारेवर दुसऱ्या फ्रेटला, अनामिका चौथ्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला. पूर्ण बार कॉर्डचा सराव पहिल्या फ्रेटवर करू नका, तिथे नटजवळ तार सर्वांत कडक असते. तोच आकार पाचव्या फ्रेटवर धरा (तो ए मेजर होतो) आणि आठवड्याला एक फ्रेट नटकडे सरका. तर्जनी सपाट न ठेवता तिची अंगठ्याकडची हाडाची कड तारांवर टेकवा. दाब बोटांच्या चिमटीतून काढायचा नाही, उजव्या कोपराने गिटार अंगाशी धरा आणि डावा हात किंचित मागे ओढा.

रोज किती वेळ? पहिलं गाणं कधी?

रोज २० मिनिटं, रविवारी दोन तास बसण्यापेक्षा कितीतरी बरी. दोन मिनिटं ट्यूनिंग, पाच मिनिटं कॉर्ड बदल, पाच मिनिटं झाकलेल्या तारांवर ठेका, उरलेला वेळ गाणं. असं केलं तर दोन-तीन कॉर्डांचं गाणं महिन्याभरात उभं राहतं. गात वाजवायला आणखी महिना-दोन महिने लागतात. आधी शब्दांऐवजी नुसतं गुणगुणा. पावसाळा सोडला तर गिटार बॅगेत ठेवू नका, हाताशी येईल अशी भिंतीला अडकवा.

साठीनंतर जमेल का?

जमेल. बारीक तारा, खाली आणलेली ॲक्शन आणि छोट्या बैठका. गाणी आधीच पाठ असतात आणि ताल पक्का असतो, ही तरुणांकडे नसलेली शिदोरी आहे. संधिवात असेल तर नायलॉनच्या तारा घ्या.

क्लास लावू की व्हिडिओवरून शिकू? परीक्षा द्यावी का?

व्हिडिओ चांगले असतात, पण तुमचं मनगट वाकलेलं आहे हे ते सांगत नाहीत. निदान पहिले दोन-तीन महिने समोर बसून शिका. चांगला शिक्षक पहिल्याच दिवशी तुमची गिटार हातात घेऊन ॲक्शन पाहतो. ट्रिनिटी आणि रॉकस्कूलच्या परीक्षा भारतात देता येतात, ग्रेड आठपर्यंत. ज्यांना पाश्चात्त्य नोटेशन नीट शिकायचं आहे त्यांना त्या उपयोगी आहेत. गोव्यात पणजीच्या कला अकादमीत पाश्चात्त्य संगीताचा वेगळा विभागच आहे. साथीपुरतं वाजवायचं असेल तर परीक्षेची गरज नाही. टॅब वाचायला मात्र शिका: सहा रेषा म्हणजे सहा तारा, आकडे म्हणजे फ्रेट, आणि सर्वांत वरची रेषा म्हणजे पातळ तार. इथेच सगळे फसतात, कारण मांडीवर ती तार सर्वांत खाली असते.

पावसाळ्यात गिटारला काय होतं? तारा कधी बदलायच्या?

लाकूड दमट हवेत फुगतं. पुढची फळी वर येते, तिच्याबरोबर ब्रिज उचलला जातो आणि जूनमध्ये सोपी वाटणारी गिटार ऑगस्टमध्ये कडक लागते. कोकण, मुंबई, गोव्यात हे दरवर्षी होतं. वाजवून झालं की तारा कोरड्या सुती फडक्याने पुसा, तारेच्या खालूनही फडकं फिरवा. पावसाळ्यात गिटार बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा आणि बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, ओल तिथूनच येते. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात उलटं होतं: लाकूड आकसतं आणि फ्रेटची टोकं हाताला बोचू लागतात. परदेशात हीटरच्या खोलीत गिटार ठेवणाऱ्यांनाही हाच त्रास होतो. हवेतली आर्द्रता ४५ ते ५५ टक्के असली की लाकूड सुखात असतं. मे महिन्यात बंद गाडीत गिटार ठेवू नका, आतल्या उष्णतेने सरस मऊ पडतो आणि ब्रिज सुटतो.

रोज वाजवत असाल तर तारा दोन-तीन महिन्यांनी बदला, किनारपट्टीवर पावसाळ्यात दीड महिन्यांनी. हात लावल्यावर तार खडबडीत लागली किंवा काळे डाग दिसले की वेळ झाली. बदलताना तारेच्या टोकाचा गोळा ब्रिजच्या भोकात घाला, पिन वरून दाबा आणि दाबतानाच तार वर ओढा, म्हणजे गोळा आतल्या फळीला अडकतो. तो पिनच्या टोकावर राहिला तर ताण दिल्यावर पिन फटकन उडते. तेव्हा चेहरा ब्रिजवर वाकवून बघू नका. खुंटीवर दोन ते तीन वेढे पुरेत, एकाखाली एक उतरत जाणारे. जास्त वेढ्यांनी तार सुरात राहत नाही. उरलेलं टोक कापून लगेच कचऱ्यात टाका, जमिनीवर पडलेलं टोक पायात रुततं.